वाहिनी भरलेली की रिकामी? अ‍ॅक्युपंक्चरमधील आधिक्य आणि न्यूनता

आपल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. उजव्या खांद्याच्या दुखण्यासाठी आपल्याकडे पन्नाशीच्या एक शिक्षिका येत आहेत. फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर नेला की खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या वाहिनीच्या मार्गावर (वाहिनी म्हणजे शरीरातील ची-शक्ती वाहण्याचा मानलेला मार्ग), कळ येते आणि तिथे दाबले की त्या हात झटकन मागे घेतात. दुखणे म्हणजे आधिक्य, असे आपण अभ्यासक्रमात शिकलात. म्हणून त्या वाहिनीचे सेडेशन (साचलेल्या शक्तीचा निचरा) केले, खांद्याभोवती सुया लावल्या आणि त्यांना विद्युत उत्तेजनही दिले. त्या दिवशी बरे वाटले, पण दुखणे परत आले आणि वर दोन दिवस बाई गळून गेल्या. त्यांची नाडी बारीक आणि मऊ लागते, भूक मंद आहे, जिना चढताना दम लागतो. अशा वेळी ही वाहिनी आधिक्याची समजावी की न्यूनतेची, आणि मोठ्या आतड्याच्या वाहिनीत आधिक्य असेल तर जोडीच्या फुप्फुसाच्या वाहिनीत न्यूनता असलीच पाहिजे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

माझे उत्तर असे की या बाईंच्या ठिकाणी दोन्ही अवस्था एकाच वेळी आहेत, आणि आपण त्यांतल्या एकीवरच उपचार केला. जोडीच्या वाहिनीविषयी म्हणाल तर तसा कोणताही सक्तीचा नियम नाही. या दोन्ही विधानांमागची कारणे सविस्तर सांगतो, कारण या विषयातला बराचसा गोंधळ एकाच चुकीच्या समजुतीतून निघतो.

त्याआधी एक गोष्ट, जी वाहिन्यांच्या चर्चेपेक्षा महत्त्वाची आहे. पन्नाशीतल्या स्त्रीला खांदेदुखी आणि जिना चढताना दम, ही दोन लक्षणे एकत्र दिसली की ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि थायरॉईड यांची तपासणी झाली आहे का, हे सुई हातात घेण्यापूर्वी विचारावे. मधुमेह आणि थायरॉईडचे विकार असणाऱ्यांमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते, हे आधुनिक वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. दम लागणे म्हणजे फुप्फुसाच्या वाहिनीची न्यूनता, असे लिहून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला या तपासण्यांनंतरच मिळतो. हे झाले आहे असे गृहीत धरून पुढे लिहितो.

ह्वांगदी नेइजिंग हा चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ सूवेन आणि लिंगशू अशा दोन भागांचा आहे. सूवेनच्या 28व्या अध्यायात या दोन अवस्थांची व्याख्या एका ओळीत येते. तिचा आशय असा की बाधक शक्ती जोर धरते तेव्हा आधिक्य होते आणि शरीराची सत्त्वशक्ती हिरावली जाते तेव्हा न्यूनता होते. ही ओळ सावकाश वाचण्यासारखी आहे. आधिक्य कशाचे, तर जे तिथे असायला नको त्याचे: बाहेरून शिरलेला वारा, थंडी, ओल किंवा उष्णता, आतच साचलेला कफ, अडलेले रक्त, तुंबलेली ची-शक्ती. न्यूनता कशाची, तर जे तिथे असायलाच हवे त्याची. मोजायच्या वस्तूच दोन आहेत. त्यामुळे एक वाढली म्हणजे दुसरी कमी झाली किंवा एक सिद्ध झाली म्हणजे दुसरी खोडली गेली, असे होत नाही. शरीराची शक्ती कमी पडते तेव्हाच बाधक गोष्टी मुक्काम ठोकतात, आणि त्या दीर्घकाळ राहिल्या की उरलीसुरली शक्तीही खातात. त्यामुळे जुन्या दुखण्यात या दोन अवस्था एकमेकींसोबतच सापडतात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

पण वर्गात मात्र आपण एक मोजपट्टी डोळ्यांसमोर ठेवतो. मधे शून्य, उजवीकडे जास्त, डावीकडे कमी, आणि प्रत्येक वाहिनीचा काटा कुठेतरी एकाच जागी. मराठी विद्यार्थ्यांच्या बाबतीत या समजुतीला आणखी एक आधार मिळतो, तो आयुर्वेदाच्या परिचयाचा. तिथे वृद्धी आणि क्षय हे त्याच दोषाचे असतात: वात वाढतो किंवा वातच क्षीण होतो. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील 14व्या अध्यायात उपचारांचे बृंहण (पोषण) आणि लंघन (शरीर हलके करणे) असे दोन भाग केले आहेत. ते अ‍ॅक्युपंक्चरमधील बळ देणे आणि निचरा करणे यांच्या जवळचे वाटतात, आणि काही अंशी ते आहेतही. तरीही तुलना करायचीच असेल तर वाहिनीच्या आधिक्याची तुलना दोषवृद्धीपेक्षा स्रोतोरोधाशी, म्हणजे आमाने (न पचलेल्या अंशाने) तुंबलेल्या स्रोतसाशी (शरीरातील वहनमार्गाशी) करावी. म्हणजे मोजपट्टीचा मोह आपोआप सुटतो.

लिंगशूच्या 12व्या अध्यायात बारा वाहिन्यांची सांगड चीनमधील बारा जलप्रवाहांशी घातली आहे. तीच कल्पना आपल्या पाटाच्या पाण्यावर धरली तर हा विषय चटकन उलगडतो. पाटात मध्येच गाळ आणि पालापाचोळा अडकला की अडथळ्याच्या वरच्या अंगाला पाणी फुगते, काठ ओलांडते. खालच्या वाफ्यांना मात्र थेंब मिळत नाही. हा पाट भरलेला म्हणावा की कोरडा? आणि वरून सोडलेले पाणीच कमी असेल, तर गाळ जिथल्या तिथे बसतो, कारण तो वाहून नेण्याइतका जोर पाण्यात नसतो. मग नुसता गाळ उपसून चार दिवस बरे जाते आणि पुन्हा तिथेच गाळ साचतो. शिक्षिकाबाईंच्या खांद्याचे नेमके हेच झाले आहे.

आता ग्रंथातील वाहिन्यांच्या वर्णनाकडे येऊ. लिंगशूचा 10वा अध्याय बाराही वाहिन्यांचा मार्ग आणि त्यांचे विकार सांगतो. फुप्फुसाच्या वाहिनीविषयी तिथे म्हटले आहे की शक्ती अतिरिक्त झाली तर खांदा आणि पाठ दुखते, वारा-थंडीची बाधा दिसते, घाम येतो, लघवी वारंवार आणि थोडी होते. लगेच पुढच्या वाक्यात न्यूनतेचे वर्णन आहे: खांदा आणि पाठ दुखते, गार पडते, श्वास अपुरा पडतो, लघवीचा रंग बदलतो. माझ्या विद्यार्थ्यांना ही दोन वाक्ये मी शेजारी शेजारी लिहायला लावतो. खांदा आणि पाठ दोन्हीकडे दुखतेच आहे. म्हणजे दुखणे हे स्वतः काहीच ठरवत नाही. ते कोणती वाहिनी गुंतली आहे हे सांगते, तिची अवस्था सांगत नाही. अवस्था कळते ती दुखण्याच्या सोबत्यांवरून: घाम आहे की नाही, भाग गार आहे की गरम, श्वास कसा आहे, लघवी कशी आहे, यांवरून.

मोठ्या आतड्याच्या वाहिनीविषयी तोच अध्याय अधिक थेट बोलतो. शक्ती अतिरिक्त असेल तर ही वाहिनी जिथून जाते तो भाग गरम होतो आणि सुजतो. न्यून असेल तर माणसाला थंडी भरते आणि ऊब लवकर परतत नाही. आपल्या पत्रात सूज नाही, लाली नाही, उष्णता नाही. उलट खांदा पंख्याच्या वाऱ्यात जास्त दुखतो आणि बाई शाल पांघरून बसतात, असे आपणच लिहिले आहे. एवढ्यावरूनही शंका यायला हरकत नव्हती. पोटाच्या वाहिनीचे वर्णनही याच धाटणीचे आहे: आधिक्यात शरीराचा पुढचा भाग तापतो, खाल्लेले झटकन जिरते आणि पुन्हा भूक लागते, न्यूनतेत पुढचा भाग गार पडून शहारतो, आणि पोटात थंडी असेल तर पोट फुगते. मंद भूक कोणत्या बाजूला बसते हे सांगायला नको.

मग दाबल्यावर दुखते म्हणजे आधिक्य, हा नियम आला कुठून? तो नानजिंग या ग्रंथातून आला. 81 कठीण प्रश्नांची उत्तरे देणारा हा ग्रंथ नेइजिंगनंतरचा. त्याच्या 48व्या प्रश्नात आधिक्य-न्यूनता नाडीत, रोगलक्षणांत आणि स्पर्शपरीक्षेत अशी तीन ठिकाणी पाहायला सांगितली आहे. स्पर्शपरीक्षेच्या भागात खाज आणि मऊपणा न्यूनतेकडे, वेदना आणि टणकपणा आधिक्याकडे दाखवले आहेत. अभ्यासक्रमांनी त्यातले एकच वाक्य उचलले आणि बाकीच्या दोन कसोट्या गाळल्या. शिवाय त्याच उत्तरात पुढे असेही आहे की वरवर दुखते पण आत बरे वाटते तेव्हा बाहेर आधिक्य आणि आत न्यूनता समजावी, आणि उलट असेल तर उलटे. एकाच जागी दोन थरांत दोन अवस्था असू शकतात, हे त्या प्राचीन लेखकांनी स्पष्टपणे लिहून ठेवले आहे.

म्हणून हात कसा लावायचा ते थोडे विस्ताराने सांगतो. या विषयाचा प्राण तिथे आहे. रुग्णाला आडवे करावे, बाही वरपर्यंत सरकवावी आणि पहिल्यांदा बोटांची मागची बाजू मनगटापासून खांद्यापर्यंत वाहिनीवरून नुसती फिरवावी. कुठे गार लागते, कुठे कोमट, कुठे ओलसर, कुठे कातडी खरखरीत, हे या हलक्या स्पर्शातच कळते. एकदा जोरात दाबले की ते कळेनासे होते. नंतर तर्जनीच्या आणि मध्यमेच्या टोकांनी किंचित दाबत जावे आणि स्नायूंचा ताण पाहावा. अंगठ्याने खोल दाबणे हे शेवटी. दाबताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे, हाताकडे नव्हे. आधिक्याच्या जागी बोट टेकताच भुवई आक्रसते, स्नायू बोटाला उलटून ढकलतो, दाब वाढवला की वेदना वाढते आणि रुग्ण अंग चोरतो. न्यूनतेच्या जागी बोट विनाअडथळा आत जाते, खालचा भाग पोकळ किंवा ढिला लागतो, आणि दाब धरून ठेवला की रुग्ण बऱ्याचदा श्वास सोडून म्हणतो, "हां, इथेच धरा." तेही दुखतेच, पण ते दुखणे दाब मागणारे असते.

काही काळापूर्वी शिवणकाम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे अशाच खांद्यासाठी आल्या होत्या. कोपराच्या घडीपासून दोन त्सून (एक त्सून म्हणजे रुग्णाच्या अंगठ्याची रुंदी) खाली, एलआय 10च्या (मोठ्या आतड्याच्या वाहिनीवरील दहाव्या बिंदूच्या) आसपास, एक ताणलेली तंतुमय पट्टी बोटाखाली सरकत होती. तिला नुसते छेडले तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होते. तिथली कातडी कोमट होती. वर दंडावर, एलआय 14पाशी, ताण ओसरला होता. आणि हात बाजूला उचलल्यावर खांद्याच्या टोकाशी जो खळगा पडतो, तिथे एलआय 15वर, बोट अलगद रुतत होते. तो भाग शेजारच्या कातडीपेक्षा स्पष्टपणे गार होता. दुखण्याची तक्रार त्या खळग्यातली, पण अडथळा कोपराखाली. एकाच हातावर, त्याच वाहिनीवर, थोड्या अंतराने आधिक्य आणि न्यूनता दोन्ही होत्या. खळग्यात जाड सुया घालून निचरा केला असता तर जे नव्हते तेच उपसले गेले असते. आपल्या शिक्षिकाबाईंच्या हातावर कोपराखाली काय आहे हे आपल्या पत्रात कुठेच नाही, आणि मला वाटते की उत्तराचा अर्धा भाग तिथे असावा.

मनगटाजवळच्या आणि घोट्याजवळच्या मूळ बिंदूंनाही हात लावलाच पाहिजे. लिंगशूच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की आतील पाच इंद्रियांना आजार असेल तर तो बारा मूळ बिंदूंवर उमटतो. फुप्फुसाच्या वाहिनीवरील एलयू 9वर, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या घडीत, बोट ठेवल्यावर भाग खचलेला आणि निर्जीव लागला तर फुप्फुसाच्या बाजूने न्यूनतेचा पुरावा मिळाला असे समजावे. नाडीबद्दल फार लांबण लावत नाही. हलक्या दाबाला सापडणारी आणि खोल दाबताच विरघळणारी, किंवा सर्वच थरांत बारीक व मऊ लागणारी नाडी न्यूनतेची. तिन्ही थरांत टिकणारी, बोटाला ठोसणारी नाडी आधिक्याची. नाडी सबंध माणसाची अवस्था सांगते, स्पर्श त्या जागेची सांगतो. दोघांत विसंगती आढळली की घाबरून एकाला खोटे ठरवू नये. नाडी न्यून आणि खांद्यात टणक गाठ, हे चित्र विसंगत नसून अगदी नेहमीचे आहे. उपचाराचा जोर किती ठेवायचा हे नाडीवरून ठरवावे आणि सुई कुठे लावायची हे स्पर्शावरून.

याच ठिकाणी वाहिनी आणि इंद्रिय यांतला फरकही लक्षात घ्यावा. यकृताच्या बाजूने रक्ताची न्यूनता असलेल्या स्त्रियांना पित्ताशयाच्या वाहिनीवर, कानामागे आणि मानेत, ठणकणारी डोकेदुखी होते. आत रिकामे आणि बाहेर भरलेले. संपर्क-वाहिन्यांच्या, म्हणजे मुख्य वाहिन्यांतून फुटणाऱ्या जोडवाहिन्यांच्या, बाबतीत तर लिंगशूने प्रत्येकीची आधिक्याची आणि न्यूनतेची लक्षणे वेगळी दिली आहेत. टीई 5पासून (ट्रिपल एनर्जायझर वाहिनीवरील बिंदूपासून) निघणाऱ्या वाहिनीच्या आधिक्यात कोपर आखडतो, न्यूनतेत तो आवळताच येत नाही. एसपी 4च्या (प्लीहेच्या वाहिनीवरील बिंदूच्या) वाहिनीच्या आधिक्यात आतड्यांत कापल्यासारखे दुखते, न्यूनतेत पोट ढोलासारखे फुगते. एलयू 7च्या वाहिनीच्या आधिक्यात मनगट आणि तळवा तापतो, न्यूनतेत जांभया येतात आणि लघवीवर ताबा राहत नाही. या नोंदी पाठ कराव्यात असे माझे मत आहे, कारण त्या खुर्चीत बसून रचलेल्या वाटत नाहीत. कोणीतरी रुग्ण पाहून लिहिलेल्या वाटतात.

आता जोडीच्या वाहिनीचा प्रश्न. या जोडीत फुप्फुसाची वाहिनी यिन आणि मोठ्या आतड्याची यांग मानतात. सूवेनच्या पाचव्या अध्यायात यिन बळावले तर यांग आजारी पडते आणि यांग बळावले तर यिन आजारी पडते, असे म्हटले आहे. त्यावरून काही शिक्षक असा हिशेब मांडतात की मोठ्या आतड्याच्या वाहिनीत जितके जास्त, तितके फुप्फुसाच्या वाहिनीत कमी. ग्रंथात असा हिशेब नाही. एकीच्या बिघाडाचा परिणाम दुसरीवर होतो, एवढेच तिथे सांगितले आहे. तो परिणाम कोणत्या दिशेचा आणि किती, हे प्रत्येक रुग्णात तपासावे लागते. दोन्ही वाहिन्या न्यून असलेले वृद्ध आणि दोन्ही भरलेले सर्दी-तापाचे तरुण आपल्याला दवाखान्यात रोज भेटतात. दिवसाचे दोन-दोन तास एकेका अवयवाला वाटून देणाऱ्या अवयवांच्या घड्याळाचेही तसेच. पहाटे 3 ते 5 ही फुप्फुसाची वेळ म्हणून त्या वेळी जाग येणाऱ्या प्रत्येकाच्या फुप्फुसाच्या वाहिनीत आधिक्य आहे, असे निदान करणे म्हणजे एका दुबळ्या खुणेवर सगळा भार टाकणे होय.

यंत्रांविषयीही आपण ओझरते विचारले आहे. जपानमध्ये नाकातानी योशिओ यांनी 1950च्या सुमारास त्वचेची विद्युतवाहकता मोजून वाहिन्यांचा आलेख काढण्याची र्योदोराकू ही पद्धत मांडली, आणि आज आपल्याकडे मिळणारी बरीच उपकरणे त्याच कल्पनेवर चालतात. आलेखात वर गेलेली वाहिनी आधिक्याची आणि खाली आलेली न्यूनतेची, असे ते छापून देतात. यंत्र जे मोजते ती वाहकता आहे, आणि ती घाम, हवेतील दमटपणा, यंत्राच्या टोकाचा त्वचेवरचा दाब आणि रुग्णाची धास्ती यांनी बदलते. कोकणातल्या जुलै महिन्यात आणि विदर्भातल्या मे महिन्यात त्याच माणसाचे आकडे सारखे येतील अशी अपेक्षा धरू नये. त्याहून मोठी अडचण अशी की असा आलेख पुन्हा त्या मोजपट्टीलाच घट्ट करतो. एका वाहिनीला एकच आकडा मिळाला की तिच्या कोपराखाली एक आणि खांद्यावर दुसरे काही असू शकते, हे डोळ्यांआड होते. वाहिन्या म्हणून वेगळी अशी शारीररचना आजवर सिद्ध झालेली नाही. त्या रुग्णाकडे पाहण्याची एक सुसंगत रीत आहेत, आणि ती रीत हातांनीच शिकावी लागते.

उपचाराच्या बाजूला नानजिंगचा 69वा प्रश्न सर्वांना ठाऊक असतो: न्यूनता असेल तर मातेला बळ द्यावे, आधिक्य असेल तर अपत्याचा निचरा करावा. पाच तत्त्वांच्या चक्रात आधीचे तत्त्व ही माता आणि पुढचे ते अपत्य. मोठे आतडे आणि फुप्फुस ही धातुतत्त्वाची (मेटल). माता पृथ्वी, अपत्य जल. म्हणून फुप्फुसाच्या वाहिनीला बळ देण्यासाठी एलयू 9 आणि निचऱ्यासाठी एलयू 5. मोठ्या आतड्याच्या वाहिनीसाठी अनुक्रमे एलआय 11 आणि एलआय 2. हे कोष्टक विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात, पण त्याच परिच्छेदातल्या दोन सूचना विसरतात. पहिली, आधी बळ द्यावे आणि मग निचरा करावा. दुसरी, आधिक्यही नाही आणि न्यूनताही नाही, वाहिनी स्वतःच आजारली आहे, असे असेल तर त्याच वाहिनीवर उपचार करावा. लिंगशूच्या 10व्या अध्यायातही प्रत्येक वाहिनीच्या शेवटी हेच येते, आणि तिथे थंडी असेल तर सुई जास्त वेळ ठेवावी, भाग खचला असेल तर मोक्साचा (पेटवलेल्या वाळक्या वनस्पतीचा) शेक द्यावा, असेही जोडले आहे. जिन्यावरून पडून घोटा मुरगळलेल्या धडधाकट मुलाच्या वाहिनीला माता आणि अपत्य शोधत बसण्याचे कारण नाही.

जपानमध्ये विसाव्या शतकात घडलेल्या वाहिनी-उपचार परंपरेने या पहिल्या सूचनेवरच आपली सगळी पद्धत उभी केली: मुळाशी कोणती न्यूनता आहे ते शोधायचे, फुप्फुसाच्या न्यूनतेत एलयू 9 आणि एसपी 3 यांना अगदी वरवर, बारीक सुईने बळ द्यायचे, आणि मग शिल्लक राहील तेवढ्याच आधिक्याला हात घालायचा. कोरियातील साआम पद्धत त्याच दोन बिंदूंना बळ देते आणि सोबत अग्नितत्त्वाच्या एचटी 8 (हृदयाच्या वाहिनीवरील) आणि एलयू 10 यांचा निचरा करते, कारण अग्नी धातूला दाबतो. दोन्ही पद्धतींनी मी काम केले आहे. अशक्त रुग्णात जपानी रीत मला अधिक सुरक्षित वाटते.

सुई फिरवण्याच्या दिशेवरून आपल्याकडे फार वाद होतात. घड्याळाच्या दिशेने फिरवली की बळ आणि उलट फिरवली की निचरा, हा नियम सर्व परंपरांत सारखा नाही. अगदी मूळ ग्रंथांतसुद्धा सावकाश-झटपट या सूत्राचे दोन अर्थ आहेत: लिंगशूच्या तिसऱ्या अध्यायात त्याचा अर्थ सुई सावकाश आत घालून झटकन काढणे म्हणजे बळ देणे, असा लावला आहे, सूवेनच्या 54व्या अध्यायात सुई सावकाश काढून छिद्र झटकन बोटाने दाबणे, असा. दोन्ही अर्थांत समान आहे ते हे की बळ देताना शेवटी काही बाहेर निसटू द्यायचे नाही. म्हणून मी शिकवताना श्वासावर आणि छिद्रावर भर देतो. श्वास सोडताना सुई आत, श्वास घेताना बाहेर, आणि लगेच बोट दाबून छिद्र बंद, हे बळ देणे. निचऱ्याला उलट: श्वास घेताना आत, सोडताना बाहेर, आणि छिद्र मोकळे. बळ देताना सुया थोड्या, बारीक आणि उत्तेजन सौम्य असावे. विद्युत उत्तेजन हे माझ्या मते बहुतेक वेळा निचऱ्याकडे झुकते, आणि नाडी मऊ असताना ते पहिल्याच भेटीत देणे टाळावे. आपल्या रुग्णाचे दोन दिवसांचे गळून जाणे मला त्याचेच लक्षण वाटते. नानजिंगच्या 81व्या म्हणजे शेवटच्या प्रश्नात हाच इशारा आहे: भरलेल्याला आणखी भरू नये, रिकाम्याला आणखी रिकामे करू नये.

एक सावधगिरी उरतेच. चिनी परंपरेत असे मानतात की पराकोटीचे आधिक्य कधी कृश, थकलेले रूप घेते आणि पराकोटीची न्यूनता कधी उसळलेले रूप घेते. बद्धकोष्ठ आणि तुंबलेल्या पोटाचा माणूस निस्त्राण दिसू शकतो. उलट रात्री गाल लाल होणारी, तळपाय जळणारी स्त्री आतून कोरडी पडलेली असू शकते. अशा वेळी पोटाला हात लावावा, जीभ पाहावी आणि विश्रांतीने त्रास कमी होतो की वाढतो हे विचारावे. न्यूनतेचा थकवा झोपेने आणि जेवणाने थोडा तरी हटतो. तुंबल्याचा थकवा हालचालीने हटतो.

शिक्षिकाबाईंच्या पुढच्या भेटीसाठी माझी सूचना अशी. तपासण्यांचे निकाल हाती असू द्यावेत. त्यांना आडवे करून, ऊब देऊन, आधी संपूर्ण हात वर सांगितल्याप्रमाणे तपासावा आणि हात किती वर जातो याची नोंद करावी. मग एलयू 9 आणि पोटाच्या, म्हणजे पृथ्वीतत्त्वाच्या, वाहिनीवरील एसटी 36 यांना बारीक सुईने बळ द्यावे. भूक मंद असल्यामुळे पृथ्वीतत्त्वाच्या बाजूने जाणे इथे विशेष योग्य आहे. दहा-पंधरा मिनिटांनी नाडी पुन्हा पाहावी आणि खांदा पुन्हा चाचपावा. बऱ्याचदा निम्मी वेदना तिथेच ओसरलेली असते, आणि जी उरते तीच खरी निचरा करण्याजोगी. कोपराखाली एलआय 10पाशी टणक पट्टी सापडली तर तिच्यात एकच सुई घालून, थोडी हलवून, छिद्र न दाबता काढावी. एलआय 15चा खळगा गार असेल तर तिथे सुईऐवजी मोक्साचा सौम्य शेक द्यावा. मधुमेह निघाला तर त्वचेची संवेदना आधी तपासावी, कारण भाजलेले त्यांना वेळेवर कळणार नाही. विद्युत उत्तेजन नको. दुसऱ्या दिवशी फोन करून खांद्याबरोबरच थकवा आणि भूक यांविषयी विचारावे. थकवा आला असेल तर पुढच्या भेटीत सुया आणखी कमी कराव्यात. नाडी भरू लागली आणि खांद्यातली गाठ तशीच असेल, तर निचऱ्याचा जोर तेव्हा वाढवावा.